घराच्या अंगणातला पोहण्याचा तलाव: आखणी आणि रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलाव बांधून झाल्यावर टाइल बदलता येते, दिवा बदलता येतो, पंपही बदलता येतो. पण जागा, खोली, तळाखालून गेलेले पाइप आणि जमिनीतलं पाणी यांना नंतर हात लावता येत नाही. म्हणून इथे काँक्रीट पडण्याआधीच्या निर्णयांवर जास्त भर आहे. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १.१ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.६ मीटर पाणी. सरासरी खोली १.३५ मीटर, म्हणजे ४३.२ घनमीटर किंवा ४३,२०० लिटर.

केवढा तलाव बांधावा?

हे आधी जमिनीवर ठरवा, मग कागदावर. फक्कीने चौकोन आखा, चार खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि आठ दिवस तसंच राहू द्या. सकाळचं ऊन कुठवर येतं, दुपारी सावली कशाची पडते, घरातली माणसं अंगणातून कुठून कुठे जातात, गाडी कशी वळते, हे त्या दोरीला चार वेळा अडखळल्यावर नीट कळतं. आखताना नुसता पाण्याचा चौकोन धरू नका. चारही बाजूंना निदान १.२ मीटर चालायची जागा लागते, त्यामुळे ८ × ४ चा तलाव प्रत्यक्षात १०.४ × ६.४ मीटर जागा घेतो. पंपघर आणि कुंपण त्याशिवाय.

रुंदीपेक्षा लांबी कामाची. एका पोहणाऱ्याला दोन-अडीच मीटर रुंदी पुरते, पण ८ मीटरमध्ये मोठ्या माणसाचे पाच-सहा हात होतात न होतात तोच समोर भिंत येते. रोज सलग पोहून व्यायाम करायचा असेल तर १२ × ३ मीटर घ्या. पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो आणि उपयोग कितीतरी वाढतो. मुलांचं खेळणं हाच मुख्य हेतू असेल तर ८ × ४ उत्तम. वळणावळणाचा आकार चित्रात छान दिसतो, पण त्यावर झाकण बसवणं अवघड, टाइलची कापाकापी जास्त, आणि आतल्या कोनाड्यांत पाणी फिरत नाही. सरळ आयत निवडल्याचा पश्चात्ताप सहसा होत नाही.

खोली किती ठेवावी?

खोलीबद्दल लोकांचा अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो: गरजेपेक्षा जास्त खोल. मोठ्या माणसाला पोहायला १.२ ते १.४ मीटर पाणी पुरतं. १.६ मीटरच्या पुढे गेलं की पाणी, खोदाई, रसायनं आणि धोका चारही वाढतात, आणि तिथे उभं राहून खेळता येत नाही.

'उथळ' हा शब्द मात्र मुलाच्या उंचीने मोजा. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटीमीटर उंच असतं. १.१ मीटर पाण्यात उभं राहिलं तर पाणी त्याच्या नाकाच्याही वर जातं. म्हणजे मोठ्यांचं उथळ टोक त्याच्यासाठी खोलच. यावर चांगला उपाय म्हणजे उथळ टोकाला २५ ते ३० सेंटीमीटर पाणी राहील असा दीड-दोन मीटर रुंद ओटा. लहान मुलं त्यावर बसून खेळतात, मुलं मोठी झाली की मोठी माणसं त्यावर पाय पसरून बसतात, त्यामुळे जागा वाया जात नाही. ओट्याची कड गडद टाइलने ठळक करा. नाहीतर पाण्यातून पाहताना ओटा कुठे संपतो ते दिसत नाही आणि मूल एका पावलात खोल पाण्यात जातं. (उदाहरणाच्या हिशेबात हा ओटा धरलेला नाही.)

मुलांसाठी अगदी वेगळा छोटा हौद बांधणार असाल तर त्याचं पाणीही वेगाने फिरवावं लागेल. थोडं पाणी, त्यात तीन-चार मुलं आणि वर ऊन. असं पाणी मोठ्या तलावापेक्षा कितीतरी लवकर खराब होतं.

तळाचा उतार एकसारखा ठेवा. आपल्या उदाहरणात ८ मीटरमध्ये अर्धा मीटर उतार आहे, म्हणजे १६ ला १. पायाला तो जाणवत नाही. उथळ भागात १२ ला १ पेक्षा तीव्र उतार देऊ नका, ओल्या टाइलवर मूल घसरत खोलीकडे जातं.

सूर मारण्यासाठी एक टोक खोल करावं का?

नाही. डोक्याच्या बाजूने सूर मारायला निदान २.७ मीटर पाणी लागतं, आणि ती खोली पुढे बरीच लांबवर तशीच राहावी लागते. घरच्या तलावात हे बसत नाही. कमी पाण्यात सूर मारल्यावर डोकं तळावर आदळतं आणि मानेचा मणका मोडतो. त्यातून आलेलं लुळेपण आयुष्यभराचं असतं. खोलीचे आकडे कडेच्या फरशीत कोरून घ्या आणि सूर न मारण्याचा नियम पाहुण्यांनाही सांगा.

अंगणात जागा कशी निवडावी?

स्वयंपाकघर किंवा बैठकीच्या खिडकीतून संपूर्ण पाणी दिसलं पाहिजे. बाकी सगळं यानंतर.

त्यानंतर ऊन. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळालं तर पाणी कोमट राहतं. झाडापासून दूर राहा. पानांचा त्रास सगळ्यांना दिसतो, पण मुळं पाइपच्या सांध्यांत शिरतात ते दिसत नाही. वारा नेहमी कोणत्या बाजूने येतो ते पाहा, कारण कचरा वाऱ्याबरोबर ज्या भिंतीकडे जातो तिथेच स्किमरचं (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याचं) तोंड हवं.

घराच्या पायापासूनचं अंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. ढोबळ नियम असा की पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली जाणारी रेषा खोदाईत शिरता कामा नये. सेप्टिक टँक, विहीर, जमिनीखालच्या वीज आणि पाण्याच्या लाइन, डोक्यावरून जाणाऱ्या तारा, हे सगळं आराखड्यावर मांडून घ्या. आणि अंगणातला सर्वांत सखल कोपरा टाळा. पावसाचं सगळं पाणी, मातीसकट, तिथेच येतं.

मातीची तपासणी घरच्या तलावालाही लागते का?

लागते. तलावाच्या तळाहून निदान एक मीटर खोल असा एक चाचणी खड्डा खोदा आणि दोन गोष्टी बघा: माती कसली आहे आणि पाणी किती खोलीवर लागतं. खड्ड्यातलं पाणी उन्हाळ्यात पाहून निश्चिंत होऊ नका, पावसाळ्यातली पातळी महत्त्वाची.

मुरूम किंवा खडक असेल तर बरं. काळी चिकण माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर थेट तळ टाकला तर तो वरखाली होऊन तडकतो. अशी माती इंजिनिअर सांगेल तितकी काढून मुरूम भरावा, दर १५ सेंटीमीटरच्या थराला पाणी मारून धुम्मस करावी, त्यावर सोलिंग (दगडांचा थर) आणि १० सेंटीमीटर पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट). अर्धी बाजू खडकावर आणि अर्धी भरावावर असेल तर ते सर्वांत वाईट, कारण एकच बाजू खचते.

खोदाईची मातीही आधी मोजा. भिंतीची जाडी आणि शटरिंगला दोन्ही बाजूंनी ६० सेंटीमीटर जागा धरली तर आपल्या उदाहरणात सुमारे ९४ घनमीटर खोदाई होते. सुटी झालेली माती पाव हिस्सा फुगते, म्हणजे ११५ घनमीटरच्या पुढे. मशीन अंगणात आल्यावर माती कुठे टाकायची हा प्रश्न पडला तर ढीग खड्ड्याच्या काठावर लागतो आणि त्याच्या वजनाने काठ ढासळतो.

रिकामा तलाव जमिनीतून वर उचलला जातो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि याचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

भिंती आणि तळ २० सेंटीमीटर जाडीचे धरले तर आपल्या तलावाच्या कवचात सुमारे १४.८ घनमीटर काँक्रीट बसतं. घनमीटरला अडीच टन धरून वजन झालं ३७ टन. आता पावसाळ्यात आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तलावाच्या पाण्याच्या पातळीपर्यंत आलं अशी कल्पना करा. बाहेरचं माप ८.४ × ४.४ मीटर, तळासकट सरासरी खोली १.५५ मीटर, एवढी जागा अडवल्यामुळे जमिनीतलं पाणी कवचाला ५७ टनांनी वर ढकलतं. तलाव भरलेला असेल तर आत ४३ टन पाण्याचं वजन आहे, त्यामुळे काही होत नाही. रिकामा असेल तर ३७ टनांचं कवच ५७ टनांना दाबून ठेवू शकत नाही. जमिनीतलं पाणी अर्धा मीटर खाली असलं तरी वर ढकलणारा जोर ३८ टनांच्या पुढेच राहतो. मग कवच नावेसारखं वर येतं, सगळे पाइप तुटतात, आणि ते परत खाली बसत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. तळाखाली खडीचा थर आणि त्यात भोकं असलेला पाइप टाका, आणि तो पाइप एका उभ्या पाइपला जोडून जमिनीवर आणा. त्यात काठी घालून भूजल कुठे आहे ते केव्हाही मोजता येतं आणि गरज पडली तर तिथूनच उपसता येतं. तळातल्या खोल जागी हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह बसवा; बाहेरचा दाब वाढला की तो उघडून पाणी आत घेतो. आणि पावसाळ्यात तलाव कधीही रिकामा करू नका, साफसफाईसाठीसुद्धा नाही.

धोका बांधकाम चालू असतानाही असतो, किंबहुना तेव्हाच जास्त. कवच तयार आहे, टाइलचं काम राहिलंय, आणि पाऊस सुरू झाला, अशा वेळी उभ्या पाइपमधून उपसा चालू ठेवा, नाहीतर सरळ तलाव भरून टाका. टाइल महिनाभर उशिरा लागली तरी चालेल.

काँक्रीट, फायबरग्लास की लायनर?

काँक्रीट हव्या त्या मापात होतं आणि नीट केलं तर पिढीभर टिकतं, पण वेळ लागतो आणि कारागिरीवर सगळं अवलंबून असतं. फायबरग्लासचं तयार कवच काही दिवसांत बसतं, पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरतं. मात्र मापं ठरलेली असतात, कवच अंगणापर्यंत नेणारा रस्ता आणि क्रेन लागते, आणि हलकं असल्याने भूजलाने उचललं जाण्याचा धोका काँक्रीटपेक्षाही जास्त. लायनर म्हणजे आतून लावलेलं जाड विनाइल. ते साधारण दहा वर्षांनी बदलावं लागतं आणि टोकदार वस्तूने फाटतं. भूजल वर असलेल्या जमिनीत जड काँक्रीटच घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत.

काँक्रीटचा तलाव गळतो तो कुठून?

सपाट भिंतीतून क्वचितच. गळती सांध्यांतून होते: तळ आणि भिंत जिथे भेटतात तिथून, काल थांबवलेल्या आणि आज सुरू केलेल्या काँक्रीटच्या जोडातून, आणि भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइप आणि दिव्याच्या भोवतालून.

तळ आणि भिंतीचा पहिला १५-२० सेंटीमीटर भाग एकाच वेळी ओता, म्हणजे जोड कोपऱ्यात न येता वर येतो. त्या जोडात पाणी अडवणारी पीव्हीसी वॉटरस्टॉपची पट्टी सळईला तारेने घट्ट बांधून उभी ठेवा. काँक्रीट ओतताना ती आडवी पडली तर असून नसल्यासारखी. पाइप आणि दिव्याची खोबण काँक्रीट ओतण्याआधीच शटरिंगमध्ये बसवा. 'नंतर फोडून बसवू' असं कोणी म्हणालं तर काम थांबवा, कारण फोडलेली जागा पुन्हा एकजीव होत नाही. सळईवर पाण्याच्या बाजूला ४० ते ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं. ते नसेल तर गंजलेली सळई फुगून टाइल उडवते. काँक्रीट एम-३० दर्जाचं, आणि ओतताना वरून पाणी मिसळून पातळ करायला सक्त मनाई. किमान १४ दिवस पाणी मारा. तळावर मातीची आळी करून पाणी साठवता येतं. भिंतींना ओली गोणपाटं लावावी लागतात, आणि तीच नेमकी दुपारी कोरडी पडलेली सापडतात. दुपारी एकदा जाऊन हात लावून बघा.

काँक्रीट फवारून केलेलं असेल तर भिंतीवरून उडून खाली पडलेला माल कोपऱ्यात भरू देऊ नका. त्यात सिमेंट कमी आणि पोकळ्या जास्त असतात. तो उचलून टाकायचा.

टाइल लावण्याआधी पाणी भरून बघायचं ते कसं?

कोपऱ्यांत सिमेंट मालाची गोलाई आणि वॉटरप्रूफिंगचे दोन थर झाले की तलाव काठोकाठ भरून सात दिवस ठेवा. पहिले दोन दिवस काँक्रीट पाणी पितं, ते मोजू नका. नंतर तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतल्या आणि तलावातल्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि २४ तासांनी दोन्ही मोजा. बादलीतलं पाणी ६ मिलिमीटर उतरलं आणि तलावातलंही ६, तर ती वाफ. तलावातलं ९ उतरलं तर जास्तीचे ३ मिलिमीटर गळती. ३२ चौरस मीटरवर ते रोजचे ९६ लिटर होतात. पाणी उतरत उतरत एका पातळीला थांबलं तर त्या उंचीच्या आसपासचा पाइप किंवा जोड तपासा.

पाइपची चाचणी वेगळी. भराव करण्याआधी सगळ्या लाइनमध्ये पाणी दाबाने भरून २४ तास प्रेशर गेज बघा.

पंप किती एचपीचा घ्यावा?

एचपीवरून सुरुवात करू नका. आधी ठरवा की सगळं पाणी किती तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं. घरच्या तलावाला सहा तास ही चांगली मर्यादा. ४३.२ भागिले ६, म्हणजे ताशी ७.२ घनमीटर. एवढा प्रवाह तुमच्या पाइप आणि फिल्टरच्या विरोधाला तोंड देऊन कोणता पंप देतो, ते कंपनीच्या तक्त्यात बघायचं.

मग फिल्टर. वाळूच्या फिल्टरमधून पाणी ताशी ३० मीटरपेक्षा कमी वेगाने गेलं तर गाळणी छान होते. ६०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर, त्यामुळे आपला वेग येतो ताशी सुमारे २५ मीटर. योग्य. आता कोणी 'थोडा मोठा पंप बसवू, राहू दे' म्हणून दुप्पट प्रवाहाचा पंप लावला तर पाणी वाळूत वाटा पाडून सरळ खाली जातं आणि बारीक धूळ परत तलावात येते. पाणी गढूळ दिसतं म्हणून पंप जास्त वेळ चालवला जातो आणि गढूळपणा काही जात नाही. बिघाड पंपात नसतो, जोडीत असतो. मोठा घ्यायचाच तर फिल्टर घ्या.

शोषणाच्या पाइपमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटरच्या आत ठेवा. आपल्या प्रवाहाला ५० मिलिमीटरचा पाइप कसाबसा पुरतो. ६३ चा घेतला तर वेग जवळपास ०.८ मीटरवर येतो आणि पंपाचा आवाज व वीज दोन्ही कमी होतात. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे दोन ४५ अंशांचे बेंड वापरा.

वेग बदलता येणारा पंप परवडत असेल तर जरूर घ्या. वेग निम्मा केला की विजेची गरज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते, आणि दुप्पट वेळ चालवूनही बचतच होते.

स्किमर की ओव्हरफ्लो?

कुटुंबाच्या तलावाला स्किमर. पाण्याची पातळी त्याच्या तोंडाच्या मध्यावर ठेवायची, आणि शुद्ध पाणी सोडणारी तीन-चार तोंडं समोरच्या भिंतीत अशा रोखाने बसवायची की पृष्ठभागावरचा कचरा स्किमरकडे ढकलला जाईल. पायऱ्यांमागचा कोपरा विसरू नका, शेवाळ पहिल्यांदा तिथे धरतं.

ओव्हरफ्लोमध्ये पाणी काठोकाठ राहून कडेवरून वाहतं आणि सुंदर दिसतं, पण त्याला बॅलन्सिंग टँक लागते: तलावाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे इथे २,२०० ते ४,३०० लिटर. आठ माणसं एकदम उतरली की पाचशे-सहाशे लिटर पाणी बाहेर येतं आणि ते कुठेतरी साठवावंच लागतं. टाकी लहान केली तर माणसं उतरताना पाणी गटारात जातं आणि ती बाहेर आल्यावर पंप हवा ओढतो. शिवाय चारही काठ एकाच लेव्हलला हवेत. तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला तरी पाणी एकाच बाजूने वाहतं.

तळाला दोन जाळ्या कशासाठी?

तळातून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या तोंडावर एकच जाळी असेल आणि त्यावर मुलाचं अंग किंवा केस अडकले तर पंपाची सगळी ओढ त्या एका जागी येते. मोठ्या माणसालाही मूल ओढून काढता येत नाही. दोन जाळ्या किमान ९० सेंटीमीटर अंतरावर, एकाच पाइपला जोडलेल्या, मध्ये व्हॉल्व्ह नाही: मग एक झाकली गेली तरी पाणी दुसरीतून येतं आणि ओढ सुटते. जाळ्या फुगीर, केस न अडकणाऱ्या आणि स्क्रूने बसवलेल्या हव्यात. तुटलेली जाळी दिसली की त्याच क्षणी पंप बंद, आणि नवी बसेपर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाही. तळ साफ करायच्या झाडूच्या पाइपसाठी भिंतीत ठेवलेल्या शोषण तोंडाला स्प्रिंगचं झाकण हवंच.

कुंपण खरंच हवं का? आम्ही लक्ष ठेवतो.

हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. फोन उचलून परत येईपर्यंतचा वेळ त्याला पुरतो.

कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी, घराच्या बाजूनेही. उंची किमान १.२ मीटर, उभ्या गजांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी, आडव्या पट्ट्या पाय ठेवता येणार नाहीत अशा. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप बंद होणारं आणि आपोआप कडी लागणारं. कडी दीड मीटर उंचीवर. कुंपणाजवळ कुंडी, खुर्ची, पंपाची पेटी असं चढायला सोपं काही ठेवू नका. पोहणं संपलं की खेळणी पाण्यातून काढा, कारण तरंगणारा चेंडू मुलाला बोलावतो. दोरी बांधलेलं लाइफ रिंग आणि लांब काठी कडेलाच टांगा, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने छाती दाबून श्वास देण्याचं प्रथमोपचार प्रशिक्षण घ्यावं.

पायऱ्या की शिडी?

पायऱ्या. पायरीची रुंदी ३० सेंटीमीटर, उंची २५ च्या आत आणि सगळ्या सारख्या. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना उभी शिडी चढता येत नाही. एका बाजूला स्टीलचा कठडा बसवा.

विजेचं काय?

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे एलईडी. पंप आणि दिव्यांच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). शिडी, कठडा, दिव्याची खोबण आणि काँक्रीटमधली सळई हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून अर्थ करा. सळईची जोडणी काँक्रीट पडण्याआधीच करावी लागते. दिव्याची जास्तीची वायर खोबणीत गुंडाळून ठेवा, म्हणजे पाणी न काढता दिवा काठावर आणून दुरुस्त करता येतो. दिवे घराकडच्या भिंतीत बसवा. समोरच्या भिंतीत लावले तर रात्री घरातून बघताना प्रकाश डोळ्यांवर येतो आणि पाण्यात कोण आहे ते दिसत नाही.

टाइलचा रंग आणि कडेची फरशी कशी असावी?

तळ फिकट ठेवा. गडद तळ आरशासारखा दिसतो, पण त्यावर बुडालेलं मूल दिसत नाही. टाइलला पॉलिमरयुक्त अॅडेसिव्ह आणि इपॉक्सी ग्राउट वापरा, साधा सिमेंटचा ग्राउट रसायनांनी झिजतो. कडेची फरशी खरखरीत हवी आणि तिचा ढाळ तलावापासून बाहेर, मीटरला दोन सेंटीमीटर. कोपिंग (तलावाच्या काठावरची दगडी कड) आणि फरशी यांच्यातला सांधा सिमेंटने भरू नका. दोन्ही उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. तिथे लवचीक सीलंट नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या रांगेच्या टाइल सुटतात.

पाणी स्वच्छ ठेवायला किती रसायन लागतं?

फ्री क्लोरिन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२०. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. आपल्या तलावात क्लोरिन १ पीपीएमने वाढवायला ४३ ग्रॅम शुद्ध क्लोरिन, म्हणजे ६५ टक्क्यांची पावडर सुमारे ६६ ग्रॅम लागते. संध्याकाळी टाका, उन्हाने क्लोरिन उडतं.

आधी पीएच, मग क्लोरिन. पीएच ८ वर गेला की टाकलेल्या क्लोरिनपैकी जेमतेम पाव हिस्सा जंतू मारायच्या कामी येतो, आणि लोक पावडर वाढवत राहतात. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला तर 'क्लोरिन जास्त झालं' असं वाटतं. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं, आणि वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरिनचा असतो. पोहण्याआधी अंघोळीचा नियम त्यासाठीच, म्हणून कडेला शॉवरची लाइन आराखड्यातच घ्या.

पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी नाही. क्लोरिन आणि अॅसिड एकाच कपाटात ठेवू नका. एकत्र आले तर विषारी वायू होतो. दोन प्रकारचं क्लोरिन एकाच डब्यात मिसळलं तर आग लागू शकते.

मिठाची यंत्रणा लावली तरी तलाव क्लोरिनचाच राहतो, ते मिठापासून तिथेच तयार होतं एवढंच. आपल्या तलावाला सुरुवातीला दीडशे किलो मीठ लागेल.

पाणी सारखं बदलावं लागतं का?

नाही, नीट चालवलं तर वर्षानुवर्षं तेच पाणी राहतं. रोज वाफेने जातं तेवढं भरायचं. ५ मिलिमीटर वाफ झाली तर १६० लिटर पाणी जातं, आणि त्याबरोबर विजेच्या १०० युनिटपेक्षा जास्त उष्णताही. एवढ्यात हा तलाव दोन अंश थंड होतो. म्हणून रात्री झाकण घाला. गरम पाण्याची यंत्रणा घेण्याआधी झाकण घ्या. पण तरंगतं झाकण सुरक्षेचं साधन नाही. त्यावर पाऊल ठेवलेलं मूल खाली जातं आणि वरून दिसत नाही.

फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्ध्या बारने वाढला की बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुणं), तीन-चार मिनिटं, फिल्टरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. दर वेळी सुमारे ५०० लिटर पाणी जातं. त्याच्या निचऱ्याची लाइन आराखड्यात आधीच दाखवा.

काम ताब्यात घेताना कंत्राटदाराकडून काय घ्यावं?

पंपाचा प्रवाह-तक्ता, पाणी भरून केलेल्या चाचणीची रोजची मोजमापं, पाइप चाचणीतलं गेजचं वाचन, आणि सगळ्या व्हॉल्व्हना धातूचे बिल्ले लावून कोणता कशाचा याचा कागद, पंपघराच्या दारामागे चिकटवलेला. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब गेजच्या काचेवर खुणेने दाखवून घ्या.

आणि फोटो. भराव पडण्याआधी प्रत्येक पाइप, प्रत्येक जोड आणि सळईची प्रत्येक अर्थिंग, शेजारी मोजपट्टी धरून, घराच्या एखाद्या न हलणाऱ्या कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. हे काम एका दुपारचं आहे आणि ती दुपार एकदाच येते: पाइप जोडून झालेले असतात आणि मातीचा ट्रॅक्टर अजून आलेला नसतो.